डोळे माझ्याकडे, बोटं वालाकडे

खांबेटे बाई पानिपत शिकवत असत तेव्हा वर्गातली मुलं वाल सोलत असत.

विश्वास बसत नसेल तर वाक्य पुन्हा वाचा, मी पुन्हा लिहिणार नाही. शनिवार पेठेतली मराठी शाळा, आठवी ब, इतिहासाचा तास. प्रत्येक बाकावर जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा आणि त्यावर मूठभर भिजवलेले, मोड आलेले कडवे वाल. तिकडे मराठी फौज यमुनेच्या काठी अडकलेली, इकडे मुलांचे डोळे बाईंवर खिळलेले आणि बोटं मात्र आपापली कामं करताहेत. सालं डावीकडे, सोललेल्या डाळिंब्या उजवीकडे. आवाज फक्त बाईंचा, आणि मधूनच सटकन निसटलेल्या एखाद्या डाळिंबीचा.

मी त्या शाळेत रुजू झाले त्याच दिवशी हे दृश्य पाहिलं. खरं म्हणजे आधी वास आला. भिजलेल्या वालांना एक उग्र, ओशट वास असतो. मला वाटलं, प्रयोगशाळेत काहीतरी सांडलंय. वासाचा माग काढत मी आठवी ब च्या दाराशी गेले आणि आतलं बघून माझ्या तोंडून अस्सल नागपुरी निघून गेलं, "अहो, हे काय करून राहिले?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पानिपतावर चाललेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत या किंवा जा. दारात उभं राहिलं की वारा अडतो."

मी गेले. पुण्यात येऊन थोडेच दिवस झाले होते, पण 'आत या' हे आमंत्रण नव्हे एवढं मला कळायला लागलं होतं.

माझं आडनाव बोकारे. पण त्या दिवसापासून बाईंनी मला 'नागपूरकर' हे नाव ठेवलं ते कायमचं. पुढे शिपाईसुद्धा मला नागपूरकर बाई म्हणू लागला. मीही तक्रार केली नाही. निदान गाव तरी मोठं होतं.

मी तेव्हा पस्तिशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. दोन्ही गोष्टी आता गेल्या. पस्तिशी गेल्याचं तेवढं वाईट वाटतं. नवऱ्याची पुण्याच्या कारखान्यात बदली झाली, म्हणून बी.एड.ची पदवी आणि एक भला मोठा पुठ्ठ्याचा तक्ता घेऊन मी इथे आले होते. तक्त्याचं नाव 'अवधान टिकवण्याचे मार्ग'. तो मी स्वतः रंगवला होता. मध्ये मुलाचं डोकं, आणि त्या डोक्यातून चारी बाजूंना बाण. आता आठवलं की त्या मुलाची दया येते. अवधान टिकवायला त्याला अक्षरशः बाणांनी भोसकलं होतं मी.

वाल म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्याकडे वालाचे दाणे वांग्यात पडतात आणि गुमान शिजतात. पण वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून त्याला सालीतून बाहेर काढायचं, ही कोकणातून पुण्यात आलेली उठाठेव मला नवीन होती. एवढं करून ते कडूच. मी नवऱ्याला म्हटलं, "जे कडू आहे त्याच्यासाठी इतके कष्ट?" तो म्हणाला, "हळू बोल, घरमालक खालीच राहतात."

खांबेटे बाई उंच, काटकुळ्या, सुती पाचवारी नेसणाऱ्या आणि पदर कमरेला असा खोचणाऱ्या की जणू आता नारळ फोडायचा आहे. दहा नखांपैकी नऊ बारीक कापलेली, उजव्या अंगठ्याचं तेवढं वाढवलेलं. ते वालाचं नख. खडूही त्या त्याच नखानं मोडायच्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी वाल. बाकीच्या दिवशी कापसाच्या वाती, मटाराच्या दिवसांत मटार, कधी भुईमुगाच्या शेंगा. या यादीमागे बाईंची बऱ्याच वर्षांची तपश्चर्या होती. चिंचा एकदाच आणल्या. चिंचोके परत आले, चिंच आली नाही. लसूण आणला तेव्हा शेजारच्या आठवी अ नं लेखी निषेध नोंदवला. तांदूळ निवडायला दिले तर मुलं माना खाली घालून खडे शोधत बसली आणि बाईंच्या तोंडाकडे कोणी बघेना.

"डोळ्याचं काम द्यायचं नाही," बाईंनी मला समजावलं होतं. "बोटाचं द्यायचं. डोळे माझ्याकडे, बोटं वालाकडे." हे त्यांचं घोषवाक्य. वर्गात शिरताना त्या ते म्हणत, आणि मुलं उभं राहून 'नमस्ते बाई' म्हणायच्या ऐवजी तेच परत म्हणत.

दुसरं होतं मांजराचं. बाईंच्या मते लक्ष म्हणजे मांजर. "हाक मारली की येत नाही, दटावलं की कपाटावर चढून बसतं. मांडी मोकळी करून आपलं काम करत बसा, येतंय की नाही बघा मुकाट्यानं." त्यामुळे एखादा मुलगा खिडकीबाहेर हरवला की त्या रागवायच्या नाहीत. शांतपणे विचारायच्या, "मांजर कुठाय?"

मुलगा दचकून म्हणायचा, "बाहेर गेलंय, बाई."

"दूध पिऊन झालं की आण." आणि त्याच्यासमोर आणखी चार वाल पडायचे.

डाळिंबी शेजाऱ्यावर उडवली तर शिक्षा एकच. एक कच्ची डाळिंबी चावून खायची, चेहरा वाकडा न करता. दुसऱ्यांदा उडवणारा मी पाहिला नाही.

तास कसा झाला हे बाई सालांच्या ढिगावरून ओळखत. "पानिपतला भराभर उरकतात. नागरिकशास्त्राला बघा, लोकसभेची रचना अर्ध्यावर येते तरी निम्मे वाल तसेच. मुलांचा दोष नाही, लोकसभेचा आहे."

आणि मुलं ऐकत होती, हे मला कबूल करावं लागत होतं. दिवस मोठे चमत्कारिक होते. घरोघरी केबल आलं होतं, टीव्हीवर दोनाची पन्नास चॅनेलं झाली होती. प्रत्येक गल्लीत कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि पालक पोरांना शाळेतून थेट तिकडे पोचवत होते. पोरं वर्गात बसायची ती रेल्वे फलाटावर बसल्यासारखी, गाडी आली की सुटायच्या बेतात. मंदार सबनीस नावाचा एक मुलगा तर तासाभरात बाकावरून हमखास एकदा तरी खाली पडायचा. का, ते त्यालाही माहीत नव्हतं. तोच मंदार बाईंच्या तासाला वाल सोलत मांडी ठोकून बसे, आणि एकदा तर मध्येच हात वर करून त्यानं विचारलं, "बाई, मग फौज मागे का नाही फिरली?"

आता माझ्या तासाबद्दल. मी भूगोल शिकवायची. म्हणजे माझी तशी समजूत होती.

पहिल्या आठवड्यात मी तक्ता टांगला. मुलांनी त्या बाणवाल्या डोक्याला मिशा काढल्या. दुसऱ्या आठवड्यात मी पितळेची छोटी घंटा नेली. घंटा वाजली की मुलांनी टाळी वाजवायची आणि गप्प व्हायचं, असं बी.एड.ला शिकवलं होतं. मी घंटा वाजवली, मुलांनी टाळी वाजवली. मी पुन्हा वाजवली, त्यांनी पुन्हा वाजवली. इतकी सुरेख लय लागली की मागच्या बाकावरून कोणीतरी आरती सुरू केली. पुण्यातली मुलं एकदा आरती सुरू झाली की अर्ध्यात सोडत नाहीत. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, जिने चढून येईपर्यंत मंत्रपुष्पांजलीपर्यंत मजल गेली होती. आणि मी काय करत होते? घंटा वाजवत उभी होते. आरती चालू असताना घंटा थांबवायची कशी?

शिक्षकखोलीत खांबेटे बाई वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमच्या तासाला एकी छान होती हो, नागपूरकर. प्रसाद काय होता?"

शेवटी मीही वालांना शरण गेले. बाईंना न विचारता, कारण विचारलं असतं तर पदवीचा अपमान झाला असता. मंगळवारी सकाळी वाण्याकडून वाल घेतले आणि दुपारी सह्याद्रीच्या घाटांच्या तासाला बाकाबाकांवर वाटले.

कोरडे.

नागपूरकराशिवाय ही चूक कोणाच्या हातून होणार नाही. पुण्यातलं पाळण्यातलं पोरसुद्धा वाल भिजवावे लागतात हे जाणतं. मुलांनी दोन मिनिटं त्या खड्यांना इमानदारीत नखं लावली, मग त्यांचा खरा उपयोग त्यांच्या लक्षात आला. बोरघाट आणि थळघाट यांच्यामध्ये जे युद्ध झालं त्यात पृथ्वीचा गोल कामी आला.

संध्याकाळी बाई माझ्या टेबलापाशी आल्या, तळहातावर एक वाल ठेवला. "भिजवतात ह्यांना," एवढंच बोलून गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःच्या पिशवीतून एक ओला पंचा माझ्याकडे सरकवला. आत मोड आलेले वाल. त्या दिवशी माझ्या तासाला मुलांनी घाट ऐकले. मी इतकी चकित झाले की काय शिकवायचं ते विसरले.

इथवर सगळं झकास चाललं होतं. मग सबनीस आले.

सबनीस म्हणजे त्या पडणाऱ्या मंदारचे वडील. नुकतेच बँकेतून कॉम्प्युटरच्या धंद्यात शिरलेले. कमरेला पेजर. तो दर थोड्या वेळानं थरथरे, आणि थरथरला की सबनीस जिथं असतील तिथून उठून समोरच्या पीसीओवर फोन करायला पळत. मंदार कोणावर गेला होता ते मला तेव्हाच कळलं.

त्यांनी शाळेकडे लेखी तक्रार केली की खांबेटे बाई आपली घरची कामं मुलांकडून करून घेतात. मोठ्या बाईंच्या खोलीत ते तावातावानं बोलत होते तेव्हा मी हजेरीपट ठेवायला गेले होते. "आम्ही मुलाला कॉम्प्युटरला घालायचं बघतोय आणि तुम्ही त्याला वाल सोलायला बसवता? उद्याच्या जगात त्याची बोटं की-बोर्डवर चालायला हवीत!"

"चालायला तरी लागली ना?" तिथेच उभ्या असलेल्या खांबेटे बाई म्हणाल्या. "आधी ती पुढच्या बाकावरच्या मानेवर चालत."

झालं. प्रकरण शाळा समितीकडे गेलं. मोठ्या बाई तशा भल्या, पण भिडस्त. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की समितीचं जवळजवळ ठरलंय. तक्रार खरी धरली तर आठवी ब काढून घ्यायची आणि निवृत्त होईपर्यंत बाईंना ग्रंथालय द्यायचं. ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली, दोन कुलूपबंद कपाटं आणि एक टेबल. तिथं मूल फिरकत नसे. पालही क्वचितच.

ही बातमी मीच बाईंना सांगितली. वाटलं, आता काहीतरी झणझणीत ऐकायला मिळेल. बाई वाती वळत होत्या.

"ग्रंथालयात कोण असतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. पुस्तकं."

"हो ना," बाई म्हणाल्या. आणि त्यांची बोटं थांबली. मी त्यांच्याबरोबर वर्षभर बसत होते, ती बोटं कधी थांबलेली पाहिली नव्हती. कापूस मांडीवर तसाच पडला होता. मला उगीचच भीती वाटली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर समिती बसली. शिक्षकांच्या वतीनं एकानं हजर राहायचं होतं. सगळ्यांना अचानक कामं निघाली, तेव्हा मी गेले. शनिवार वालांचा वार नव्हे, तरी बाईंच्या पिशवीतून पंच्याचं ओलं गाठोडं डोकावत होतं. मी भुवई उंचावली.

"शेवटचाच तास असला तर असावेत, म्हणून भिजवले," बाई पुटपुटल्या. "थोडे उरले."

समितीचे अध्यक्ष अण्णा, ऐंशीच्या घरातले. त्यांनी कामकाज सुरू केलं आणि लगेच डोळे मिटले. मोठ्या बाई दाखल्यांवर सह्या करत होत्या. सबनीस बोलायला उभे राहिले, पेजर थरथरला, ते पीसीओकडे पळाले. परत आले, "हं, तर मी काय म्हणत होतो?" म्हणाले, पुन्हा थरथरला, पुन्हा पळाले. बाईंनी आपली बाजू मांडायला सुरुवात केली तेव्हा अण्णा घोरत होते, मोठ्या बाई शाई शोधत होत्या आणि सबनीस एक पाय दाराबाहेर ठेवून उभे होते. बाईंचं पुढचं सगळं आयुष्य त्या टेबलावर ठेवलेलं आणि त्याच्याकडे कोणी बघायला तयार नाही!

बाई थांबल्या. खोलीभर नजर फिरवली. आणि आठवी ब ला विचारावं तशा शांतपणे म्हणाल्या, "मांजर कुठाय?"

अण्णा जागे झाले. "काय? मांजर शिरलं?"

बाईंनी चष्मा सारखा केला. पिशवीतून गाठोडं काढलं, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि प्रत्येकापुढे मूठभर वाल ठेवले. अध्यक्षांपुढेही.

हे पुणेरी माणसाचं मर्म आहे. मी बाहेरची म्हणून मला दिसतं. त्याला वाद घालू नका सांगा, तो घालेल. सही करू नका सांगा, करेल. पण मोड आलेले ओले वाल समोर असताना हात गप्प ठेवा, हे त्याला जमणार नाही. पहिला हात अण्णांचा गेला. एक वाल उचलला, चिमटीत दाबला, डाळिंबी टपकन बाहेर.

"मोड चांगले आलेत," अण्णा म्हणाले. "आमची आई परातीत घेऊन बसायची. आम्ही सगळी भावंडं भोवती."

मोठ्या बाईंनी पेन टोपण लावून ठेवलं. सबनीस थोडा वेळ ताठ उभे राहिले. मग पेजर टेबलावर ठेवून खुर्ची ओढून बसले. मग एक वाल नुसताच उचलून पाहिला. मग सोलला. त्यांची पद्धत पाहूनच कळलं, यांनी बालपणी पुष्कळ सोललेले आहेत.

"आता बोला," अण्णा म्हणाले.

आणि बाई बोलल्या. काही फार थोर नाही बोलल्या. पोरं तासाला बसतात, ऐकतात, प्रश्न विचारतात, एवढंच. मध्येच टेबलावरचा पेजर थरथरायला लागला. सबनीसांनी हात पुढे केला, पण बोटं वालाच्या पाण्यानं बुळबुळीत. पेजर थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि आपोआप गप्प झाला. सबनीस बाईंकडे बघत होते.

"बाई, मंदार घरी जेवायलासुद्धा सरळ बसत नाही," ते एकदम म्हणाले. आवाज निराळाच होता. "तुमच्याकडे खरंच बसतो?"

"बसतो. गेल्या मंगळवारी त्यानं विचारलं, फौज मागे का फिरली नाही. पंचवीस वर्षं शिकवतेय, नेमका हाच प्रश्न मला पूर्वी कोणी विचारला नव्हता."

सबनीसांनी आणखी दोन वाल सोलले. तरी तक्रारीचा मान राखायला म्हणाले, "पण सोललेले वाल शेवटी तुमच्याच घरी जातात ना?"

इथे गाडं अडणार होतं, कारण खरंच जात होते. मी तोंड उघडलं. "घरी जातात, पण राहत नाहीत. बुधवारी आणि शनिवारी शिक्षकखोलीत मोठा डबा येतो. सगळे आमच्या पोटात जातात. बाई स्वतः ताकभात खातात, त्यांना वाल पचत नाहीत."

मोठ्या बाईंचा हात हवेत थांबला. "म्हणजे त्या डाळिंब्यांच्या उसळी..."

"तुम्ही आज सकाळी दोनदा घेतलीत ती," खांबेटे बाई म्हणाल्या. "गूळ थोडा जास्त झाला होता."

अण्णा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी निकाल दिला. शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभव नावाचा विषय असतो. हाताची कामं मुलांना यावीत म्हणून सरकारनंच ठेवलेला, आणि कोणतीही शाळा तो मनापासून घेत नाही. आठवी ब चा कार्यानुभव इतिहासाच्या तासालाच होईल, असं इतिवृत्तात लिहायचं. "आणि सरकार विचारायला आलं तर त्यांच्यापुढेही वाल ठेवा," अण्णा म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. निघताना सबनीस बाईंपाशी घुटमळले. "घरी भिजवायचे तर किती वेळ ठेवायचे?"

"रात्रभर भिजवून दिवसभर बांधून ठेवा. आणि सोलताना तुम्हीही बसा. हे," पेजरकडे बोट दाखवून, "दुसऱ्या खोलीत."

बाहेर पडलो तेव्हा मी हवेत होते. बाईंचं घर मागच्याच गल्लीत, नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. "चहा घेऊन जा," म्हणाल्या. वर्षभरात पहिल्यांदा. पुण्यात हे वाक्य दाराबाहेर ऐकलं तर जायचं नसतं, पण या वेळी त्यांनी माझी पिशवी आधीच हातात घेतली होती.

दोन खोल्या. लखलखीत. भिंतीवर यजमानांचा फोटो, त्याला वाळलेला हार नाही, ताजा. स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून उभी केलेली पितळी परात, एवढी मोठी की त्या घरात ती कोणाचीतरी चुकून राहिल्यासारखी वाटत होती.

मी चहा पीत बडबडत होते. तुमच्या पद्धतीवर लेख लिहायला हवा, शिक्षण मासिकात पाठवू, शास्त्रीय नाव देऊ. तक्ता मी काढते. "तुम्हाला ही पद्धत सुचली कशी, बाई? कुठे वाचलं?"

"वाचायचंय काय?" बाई म्हणाल्या. "आधीच्या घरात आम्ही चौघी बसायचो ह्या परातीभोवती. सासूबाई, जाऊबाई, वन्सं, मी. वाल हे निमित्त, गप्पाच जास्त. सासूबाई गेल्या. वन्सं लग्न होऊन बडोद्याला. जाऊबाईंचा मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेला, त्याची बाळं सांभाळायला त्या गेल्या. मग हे बसायचे माझ्याबरोबर. यांना येत नव्हतं बरं का धड. निम्म्या डाळिंब्या मोडायचे."

फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही.

"हे गेले त्यानंतर एकदा सवयीनं वाल भिजवले. सवयीनंच जुन्या मापानं. एकटी सोलायला बसले, तर संपेचनात. सोलतेय, सोलतेय, ढीग तेवढाच. एकटीनं सोलले की वाल संपत नाहीत, नागपूरकर. शेवटी तसेच पंच्यात बांधले नि वर्गात नेले. तिथं होती की पन्नास माणसं."

"आणि ते लक्ष, मांजर, डोळे माझ्याकडे..."

"ते नंतर. लोकांना काहीतरी कारण द्यायला नको? पुणं आहे हे." मग जरा थांबून, "पण पोरं खरंच ऐकायला लागली हं. त्याला मी काय करू?"

मी चहाचा कप उगीचच पुसत राहिले. आज माझ्या खराडीच्या घरी नातवाच्या इंग्रजी शाळेनं सांगितलंय म्हणून सुनेनं त्याला ऑनलाइन एक रबरी खेळणं मागवलंय. दाबलं की टपटप वाजतं, त्यानं म्हणे मुलाचं लक्ष टिकतं. मी त्याच्याकडे बघते आणि काही बोलत नाही. मंगळवारी वाल भिजवते. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख वाढलेलं आहे.

त्या दिवशी मात्र ते बारीक कापलेलं होतं. मी जायला उठले तशा बाई ओट्यापाशी गेल्या आणि एक झाकलेला वाडगा घेऊन आल्या. आत मोड आलेले वाल.

"हे कुठले? समितीनं तर सगळे संपवले."

"शाळेत सगळे नेतच नाही मी," बाई म्हणाल्या. "थोडे घरी ठेवते."

"कशाला? तुम्हाला तर पचत नाहीत."

बाईंनी भिंतीला टेकवलेली परात उचलली आणि आमच्या दोघींच्या मध्ये मांडली. "कोणी आलंच तर."

मी पदर खोचला आणि बसले. पहिलीच डाळिंबी मोडली. दुसरी उडून कपाटाखाली गेली.

"पुढच्या वेळी नख वाढवून या," बाई म्हणाल्या. मग हातातल्या वालाकडेच बघत, हळू आवाजात, "नाहीतर असू द्या. भराभर संपवायचे नाहीयेत."